दुहेरी गाळणं

आमच्या घरात त्या दिवसांत दोघांचा ताप बघितला जायचा. एक माझ्या लेकीचा, चिमीचा, कपाळाला हात लावून. दुसरा जिनेशच्या कॉम्प्युटरचा, पडद्याच्या कोपऱ्यातल्या आकड्यावरून. चिमीला नुसती कणकण आली तरी आम्ही दोघं घाबरायचो. कॉम्प्युटर ऐंशीवर गेला तरी जिनेश म्हणायचा, "ऐंशीला त्याला काय हुत न्हाई. पंच्याण्णवाच्या खाली ठेवायचा, बास."

जिनेश माझा नवरा. पुण्यातल्या ॲनिमेशन कंपनीनं माणसं कमी केली, त्यात तो गेला. मांडीवर चिमी आणि मागच्या सीटवर तो कॉम्प्युटर, अशी आम्ही आष्ट्याला त्याच्या घरी आलो. घरात सासूबाई एकट्या. आमच्याकडं सासूला आत्ती म्हणतात, मीही म्हणते. मागं परडं, आणि परडं संपलं की ऊस.

साताऱ्याच्या एका बिल्डरच्या ऑफिसातल्या राजेश्वरी मॅडमनी त्याला काम दिलं होतं. शिरवळजवळ घरं बांधायची होती, पायासुद्धा खणलेला नव्हता, पण ती घरं, त्यांच्या बाल्कन्या, बाल्कनीतल्या कुंड्या आणि कुंडीतली हलणारी पानं, सगळं फिल्ममध्ये आधीच दिसायला पाहिजे होतं. दसऱ्याला बुकिंग सुरू. फिल्म वेळेत गेली तर त्यांचं पुढचं सगळं काम जिनेशला, घरी बसून. नाही गेली तर हैदराबादची नोकरी. ती त्यानं हातात धरून ठेवली होती. तिथं चारजणांत एक खोली मिळणार होती, त्यामुळं आम्हाला नेता येणार नव्हतं.

चिमी तेव्हा नुकती माणूस ओळखायला लागली होती. जिनेश दिसला की दोन्ही हात पुढं करून अख्खी पुढं झुकायची, पडेल याची भीतीच नाही. मला त्या झुकण्याची काळजी वाटायची. समोर कुणी नसलं तर?

फिल्ममधलं एकेक चित्र कॉम्प्युटर स्वतः रंगवत बसतो, आणि अशी हजारो चित्रं. साध्या वेगानं दसरा गाठणं शक्य नव्हतं. म्हणून जिनेशनं प्रोसेसर त्याच्या नेमून दिलेल्या वेगापेक्षा पुढं पळवला. पळवला की तो तापतो. मग ती गरमी काढून टाकायची धडपड. सांगलीहून नवे पंखे आणले, त्यातले पुढचे झगमगत्या दिव्याचे, कारण दुकानात तेवढेच शिल्लक होते. प्रोसेसरवरचा जुना वाळलेला लेप पुसून वाटाण्याएवढा नवा लावला. पंखे बसवताना मला शेजारी बसवून सांगत होता.

"आपल्या टेबलफॅनसारखं न्हाई हे. ह्याची ही उघडी बाजू वारा वडती आणि ही दांड्यांची बाजू सोडती. पुढचे तीन आत घेणार, मागचा आणि वरचे भायेर टाकणार. एक जरी उलटा बसला तर गरम वारा आतच फिरत बसतोय."

तपासायला त्यानं आत्तींकडं उदबत्ती मागितली. आत्ती खूष झाल्या. "बरं सुचलं बाबा. मिशिनची पूजा करून मगच कामाला लाग."

उदबत्तीचा धूर पुढून सुळकन आत गेला आणि मागून बाहेर पडला. जिनेशनं टाळी वाजवली. आत्ती दारात उभ्या राहून बघत होत्या. "देवाची उदबत्ती, आणि धूर मिशिन खातंय व्हय रं?"

"खातंय न्हाई आई, श्वास घेतंय."

"मग जीवच म्हणायचा की त्यो," आत्ती म्हणाल्या आणि हसत आत गेल्या.

आश्विनातलं ऊन लय वाईट. खोलीतलीच गरम हवा पंखे ओढायचे आणि आणखी गरम करून खोलीतच सोडायचे. म्हणून जिनेशनं थर्मोकोलचं एक बोगद्यासारखं खोकं केलं, खिडकीच्या खालच्या चौकटीपासून थेट पुढच्या पंख्यांपर्यंत. परड्यातली हवा सरळ आत. वारा अडतो म्हणून पंख्यावरची बारीक जाळीही काढून टाकली. आकडा ऐंशीच्या आत आला. त्या दिवशी त्यानं चिमीला खांद्यावर घेऊन उसाच्या कडेपर्यंत फिरवून आणलं. पुण्याहून आल्यापासून पहिल्यांदाच तो शीळ घालत होता.

खोली झाडायचं काम आत्तींचं. दुसऱ्याच दिवशी सुपलीत केर घेऊन त्या माझ्याकडं आल्या. केरात तुडतुडे, चिलटं, पाकोळ्या, पंखांचे नुसते तुकडे. उसातली किडं दिव्यावर येतात, आणि बोगद्याच्या टोकाला तर दिवा आणि पंखा एकाच जागी.

"किती जीव गं हे, ब्राह्मी." आवाज अगदी बारीक. "त्याला सांग, निदान चातुर्मासात तरी."

घर जैनांचं, आणि आत्तींची वागणूक मी रोज बघते. दिवस मावळायच्या आत जेवण. नंतर दिवाही लागेल तेवढाच. पाणी गाळायचं ते दुहेरी जाड कापडातून. गाळणं उन्हाकडं धरून बघायचं, त्यातून सूर्य दिसता कामा नये. आणि गाळून झालं की कापडावर राहिलेलं झटकून टाकायचं नाही. ज्या आडातलं पाणी त्याच आडात हळूच सोडायचं, जीव आपल्या जागी परत गेला पाहिजे. लग्न होऊन आले तेव्हा त्यांनी मला पहिलं हेच शिकवलं.

मी जिनेशला सांगितलं. तो पडद्यावरून नजर न काढता म्हणाला, "दसऱ्यापर्यंत फक्त. आईला म्हण, दसऱ्यानंतर सगळं बंद करतो."

मी तसंच आत्तींना सांगितलं. पुढच्या दिवसापासून केरात किडं दिसेनाशी झाली. मला वाटलं, उसावर फवारणी झाली असेल.

तिथून सगळं बिघडत गेलं.

दिवसा कॉम्प्युटर ठीक चालायचा. सकाळी उठून बघावं तर रात्रभरात ठरल्याच्या निम्मी चित्रंसुद्धा झालेली नसायची. ताप वाढला की प्रोसेसर स्वतःचा जीव वाचवायला आपणच हळू होतो, आणि फारच वाढला तर बंद पडतो. दोन्ही व्हायला लागलं.

"उलटं कसं हुईल?" जिनेश डोकं धरून बसायचा. "भायेर गारवा आणि हे तापतंय! दुपारच्या उन्हात चालतंय आणि रातच्याला मरतंय."

त्यानं सगळे पंखे उघडून परत बसवले. लेप पुसून परत लावला. पंख्यांचा वेग इतका वाढवला की भिंतीपलीकडं चिमी दचकून उठायची. मग त्याला वाटलं, रात्री शेतीच्या मोटारी सुरू-बंद होतात, त्यामुळं विजेचा दाब कमीजास्त होत असणार. वायरमन कृष्णात येऊन मीटर लावून गेला. "लाईन एकदम क्लीन हाय गड्या. तुझ्या मिशिनलाच दृष्ट लागलीया." जिनेश हसला नाही.

वेग कमी केला असता तर कॉम्प्युटर तगला असता, पण दसरा हुकला असता. तो कमी करेना. जेवताना घास हातात धरून तसाच बसायचा. चिमीनं हात पुढं केले तर "थांब पिल्लू, थांब" म्हणत आकड्याकडं जायचा. ती झुकलेली तशीच राहायची आणि मी तिला मागून धरायची. राजेश्वरी मॅडमचा फोन आला की परड्यात जाऊन बोलायचा. "हो मॅडम, होतंय. होईल मॅडम."

एवढं सगळं चाललेलं आत्ती बघत होत्या. एकदा म्हणाल्या, "झोपत जा रं थोडं. मिशिनसारखाच तापलायस." जपाच्या माळा त्यांनी त्याच्यासाठी वाढवल्या होत्या, हे मला नंतर कळलं.

खंडेनवमीच्या पहाटे जळका वास आला. जिनेश खोलीत उभा होता, पडदा काळा. त्यानं बटण दाबलं, परत दाबलं. एकही पंखा हलला नाही.

"बोर्ड गेला," एवढंच म्हणाला.

मला काय करावं सुचेना. चिमीला त्याच्या हातात दिलं आणि तिची ओली लंगोटी धुवायच्या निमित्तानं परड्यात आले. डोळे पुसून वर बघितलं तर आत्ती खोलीच्या खिडकीखाली उभ्या. बोगद्याच्या बाहेरच्या तोंडावर, गजांना बांधलेली नाडी त्या सोडत होत्या. पाणी गाळायचं कापड. दुहेरी. नीट ताणून, चारी कोपरे घट्ट बांधलेले. त्यांनी ते अलगद उतरवलं, जास्वंदीपाशी नेलं आणि पानांवर हळूहळू उलटं केलं. रात्रभर कापडाला चिकटलेली किडं एकेक करून पानांवर उतरली.

"जावा रं बाळांनो," आत्ती त्यांना म्हणत होत्या.

माझ्या हातातून लंगोटी पडली. मागं बघितलं तर चिमीला घेऊन जिनेश दारात उभा. त्यानं कापड बघितलं, खिडकी बघितली. त्याला समजायला वेळ लागला नाही. इतके दिवस आतला एकेक स्क्रू त्यानं तपासला होता, पण बाहेर येऊन खिडकी बघितली नव्हती.

"आई, कवापास्नं?"

"तू दसऱ्यापत्तोर म्हणालास न्हवं का." आत्तींना अजून काहीच कळलं नव्हतं, उलट चेहऱ्यावर समाधान होतं. "रोज दिवेलागणीला बांधती, उजाडायला सोडती. दिवसा किडं येत न्हाईत, मग तुझ्या वाऱ्याला कशाला अडवा? तुझ्या हातनं हिंसा नको म्हणून केलं रं. चांगलं जाड बघून घेतलंय, सूर्य दिसत न्हाई."

जिनेश ओरडेल असं मला वाटलं. ओरडला असता तर बरं झालं असतं. तो पायरीवर बसला आणि चिमीच्या टाळूवर हनुवटी टेकवून म्हणाला, "सूर्य दिसत न्हाई, तिथनं वारा कुठनं यायचा, आई."

आत्तींनी कापडाकडं बघितलं. मग खिडकीकडं. मग दोन्ही हातांनी कापड छातीशी धरलं.

साताऱ्याचं काम दुसऱ्या कुणाकडं तरी गेलं. दसऱ्यानंतर जिनेश सांगलीहून हैदराबादच्या गाडीत बसला. गाडी हलेपर्यंत चिमी माझ्या कडेवरून खिडकीकडं झुकत होती आणि तो आतून काचेला हात लावून होता. घरातून निघताना आत्तींच्या पाया पडला तेव्हा म्हणाला, "माझंच चुकलं. जाळी काढायला नको हुती." त्या त्याच्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या.

त्याच आठवड्यात आत्तींनी बस्तीत, म्हणजे आमच्या देवळात, महाराजांपुढं नियम घेतला. पंख्याचा. जन्मभर पंख्याचा वारा घ्यायचा नाही.

"अवं आत्ती, उन्हाळ्यात काय करणार?" मी विचारलं.

"पोरगा तिकडं चारजणांत झोपतोय," त्या म्हणाल्या. "मला वारा कशाला?"

आता चैत्र लागलाय. दुपारी चिमी आत्तींच्या मांडीवर झोपते, दुसरीकडं झोपतच नाही. बापाला व्हिडिओ कॉल लावला की ती फोनच्या मागं जाऊन बघते, माणूस कुठं आहे म्हणून. तिच्या मानेवर घामोळं आलंय. मी पंखा लावला की आत्ती तिला अलगद गादीवर ठेवतात आणि उठून बाहेरच्या सोप्यात जाऊन बसतात, भिंतीला पाठ लावून, पदर पण न हलवता. मांडी सुटली की चिमी रडत उठते आणि दाराकडं हात पुढं करते. मग मी पंखा बंद करते. आत्ती परत येतात, तिला घेतात, आणि त्या उकाड्यात दोघी घामानं भिजत गप्प झोपतात. मी बटणापाशी उभी असते.