डावा कुणाकडून?

"ताई, आज काही?"

दर सोमवारी दारातच उभी राहून ती एवढंच विचारायची. मी संगणकावरून नजर न काढता मान हलवायची. हवालदारकाका म्हणायचे, "अहो, बसा तरी घटकाभर." "नको, कपडे पडलेत," म्हणायची, आणि "येते, ताई" म्हणून निघून जायची. लोकांच्या कपड्यांना इस्त्री करणारी बाई. अकरा महिन्यांपूर्वी तिची साडेतीन वर्षांची पोर दुकानासमोरून नाहीशी झाली होती.

हरवलेल्या मुलांच्या शोध कक्षात मी कंत्राटावर नोंदी भरते. इकडे हरवलेल्या मुलांची यादी, तिकडे बालगृहांनी भरलेली सापडलेल्यांची. वय, रंग, ओळखीची खूण जुळली, की पडद्यावर हिरवी पट्टी येते. नाही जुळली, तर काहीच येत नाही.

ती पहिल्यांदा आली, तेव्हा तिच्याकडे पोरीचा एक फोटो होता. तान्हेपणीचा, तोही धूसर. म्हणून मी विचारलं, "ओळखीची खूण?"

ती खाली बघत राहिली.

"सांगा ना. तीळ, जखम, काहीही."

तिनं आपल्या गालाला नुसतं बोट लावलं. मग पुटपुटली, "इस्त्री लागली होती. माझ्याच हातून."

"अहो, एवढंसं लेकरू जवळ असताना इस्त्री? लक्ष नको द्यायला?"

माझी लेक तेव्हा तीन वर्षांची होती. जिना उतरताना मी तिचा हात सोडत नसे, पाळणाघरात दिवसातून तीनदा फोन करत असे. मुलं कशी पळवतात, हे रोज वाचणारी मी. बोलायचा आपल्याला हक्कच आहे, असं वाटलं. तणतणतच मी नोंद भरली: 'उजव्या गालावर भाजल्याचा डाग.'

गेल्या आठवड्यात एका सकाळी लेकीला बूट घालताना डावा-उजवा शिकवत होते. तिच्यासमोर उकिडवी बसले होते. माझा डावा हात वर करून म्हटलं, "हा डावा." तिनं उजवा वर केला.

"अगं, तो नाही. दुसरा!"

"तुझा इकडेच आहे की," ती रडकुंडीला आली.

नवरा हसला. "तिला कशाला ओरडतेस? समोर तू बसलीयस. जरा तिच्या बाजूनं बघ की."

बूट माझ्या हातातच राहिला.

कार्यालयात कुणी यायच्या आत मी नोंद उघडली. 'उजव्या' खोडलं, 'डाव्या' केलं. बोट उचललं नाही तोच हिरवी पट्टी आली. मुलगी, वय अंदाजे साडेतीन, डाव्या गालावर भाजल्याचा डाग, नाव सांगता येत नाही. मुलं विकणाऱ्या टोळीच्या गाडीतून सोडवलेल्या पाचांपैकी एक. मग तारीख पाहिली. हरवल्यापासून नववा दिवस.

"ताईंनी शोधलं बरं का!" हवालदारकाकांनी खोली डोक्यावर घेतली. "सरकारी काम अन् सहा महिने थांब. आपण पाच जास्त लावले, एवढंच!"

मी साहेबांच्या खोलीत जाऊन सांगितलं, की चूक माझी होती. साहेबांनी दार लोटून घेतलं.

"पोर मिळाली ना? मग झालं. झाकली मूठ सव्वा लाखाची. तुमचं कंत्राट मार्चमध्ये संपतंय, लक्षात आहे ना?"

लक्षात होतं.

आज बालगृहातल्या मावशी मुलीला घेऊन आल्या. आईला बघून मुलगी मावशींच्या मागे दडली. "मावशी, घरी चल," म्हणाली. तिची आई पुढे धावली नाही. होती तिथेच जमिनीवर बसली आणि त्या गालाकडे बघत राहिली.

"डाग फिका झाला."

"रोज मलम लावते हो," मावशी म्हणाल्या.

तिनं त्यांना हात जोडले. मग मलाही. "तुमच्यामुळे मिळाली, ताई."

"अहो, त्या दिवशी मी..."

"त्या दिवशी तुम्ही बोललात ते खरंच होतं. लक्ष नव्हतं माझं."

मी मुलीच्या ताब्याचा कागद पुढे सरकवला, शाईचं पॅड उघडलं. "इथे डाव्या अंगठ्याचा ठसा द्या."

तिनं दोन्ही हात टेबलावर ठेवले आणि गोंधळून वर बघितलं.

"डावा म्हणजे... तुमच्याकडून की माझ्याकडून?"

मी उठले. टेबलाला वळसा घालून तिच्या शेजारी, तिच्या बाजूला जाऊन उभी राहिले.

"तुमच्याकडून," मी म्हटलं. "मी तेव्हा हेच विचारलं नाही. तुम्ही गालाला बोट लावलंत, मी समोरून बघून उजवा लिहिला. ती नवव्या दिवशीच सापडली होती."

हवालदारकाकांचा चहाचा कप तोंडापर्यंत जाऊन थांबला. ती माझ्याकडे बघत होती. रागानं बघितलं असतं, तर सोपं गेलं असतं.

"मी सोमवारी यायची तेव्हा ती तिथंच होती?"

"हो."

"सगळ्या सोमवारी?"

"हो."

तिनं डावा अंगठा शाईवर टेकवला, कागदावर नीट दाबला आणि उचलला. मावशींना म्हणाली, "तुम्ही घरापर्यंत चला. ती माझ्यासोबत एकटी यायची नाही."

तिघी निघाल्या. मुलीनं मावशींचं बोट धरलं होतं. तिची आई दुसऱ्या बाजूनं चालत होती. मुलीच्या पांढऱ्या फ्रॉकला शाई लागू नये म्हणून तिनं तो अंगठा अंगापासून लांब धरला होता.

आज ती 'येते, ताई' म्हणाली नाही.