न संपलेली सनस्क्रीन

मी एक जुनी ट्यूब आहे, मित्रांनो. दात घासायची नव्हे. तसा गैरसमज पुष्कळांचा होतो. मी सनस्क्रीनची ट्यूब, उन्हापासून कातडी राखणारी. सध्या माझा मुक्काम नारायणगावजवळच्या एका वाडीत, मोरीच्या खिडकीत आहे. पाठीवरची तारीख उलटून गेली आणि पोट अजून भरलेलंच आहे. आम्हा ट्यूबांना याहून मोठं दुःख नाही.

कारखान्यातलं फारसं आठवत नाही. थंडगार खोली, पांढरं मलम, मग झाकण. आपल्याला उन्हाशी दोन हात करायचे आहेत, एवढं मात्र पक्कं ठाऊक होतं. जुन्नरच्या औषधाच्या दुकानात फळीवर उभी राहून मी रस्त्यावरच्या उन्हाकडे अधीरपणे बघत असे.

एका फाल्गुनात हर्षाली दुकानात आली. ती नर्सिंग शिकलेली. दोन दिवसांनी नोकरीसाठी नागपूरला निघायची होती. तिची आई उज्ज्वलाबाई दिवसभर टोमॅटोच्या तोडणीला असते आणि तिच्या गालांवर वांग आले आहेत, हे तिने दुकानदार मोहसीनला सांगितलं.

"तीसच्या वरच्या एसपीएफची द्या. अन् घामानं लगेच उतरणार न्हाई अशी."

मोहसीनने मला पुढे केलं. "ही पन्नासची घ्या. पर ताई, आईला सांगा, ह्यानं गोरं व्हत न्हाई. ऊन आडतं, बास."

मला त्याचा खरेपणा आवडला.

निघायच्या सकाळी हर्षालीने आईला अंगणात बसवलं. "दोन बोटं भरून घ्यायची, आई. तोंड, कान, मान. निघायच्या पाव तास आधी. अन् दर दोन तासांनी परत."

उज्ज्वलाबाई डोळे मिटून बसली होती. लेकीची बोटं तिच्या गालांवरून फिरत होती. तेवढी एकच सकाळ मी खरी जगले. मग हर्षाली एसटीत बसून गेली.

दुसऱ्या दिवशी उज्ज्वलाबाईने तोडणीला जायची तयारी केली. साडीवरून नवऱ्याचा जुना लांब बाह्यांचा शर्ट चढवला, डोक्याला फडकं बांधलं आणि माझं झाकण उघडलं. मी पुढे सरसावले. तिने मला नाकाशी धरलं.

"हर्षीच्या हाताचा वास," ती पुटपुटली. आणि झाकण लावून टाकलं!

तेवढ्यात शेजारची भागू दारात आली. "उज्ज्वले, इतकी वर्सं उन्हात काढली, वितळलो का आपण? आता हिरोईन व्हायचंय व्हय?" आधीच उल्हास, त्यात फाल्गुन मास. मी पत्र्याच्या कपाटात गेले.

वर पत्र्याचं छप्पर आणि आत पत्र्याचं कपाट. उन्हाळ्यात मी नुसती शिजत होते. संध्याकाळी तो शर्ट उन्हाने कडक होऊन परत येई, तेव्हा मला त्याचा हेवा वाटे. दर रविवारी लेकीचा फोन येई. "लावतीस ना गं आई?" "लावते की," उज्ज्वलाबाई बेधडक सांगे. फोन ठेवला की मला बाहेर काढून वास घेई आणि पुन्हा घडीच्या साड्यांखाली ठेवी. तिचे गाल मला जवळून दिसत. वांग महिन्यागणिक गडद होत होते. अगं बाई, मला लाव ना, असं मला ओरडून सांगायचं होतं.

दिवाळी गेली. हर्षालीला सुट्टी मिळाली नाही. पुढच्या वैशाखात एका रविवारी उज्ज्वलाबाईने झाकण उघडलं, तर आतून पिवळं पाणी आलं. मी उकाड्याने नासले होते. माझा वास खवट झाला होता. तिने पुन्हा पुन्हा हुंगून पाहिलं आणि तिथेच जमिनीवर बसून पदर डोळ्यांना लावला. मला माझीच लाज वाटली.

आठवड्याने हर्षाली आली. तिने आधी आईचा चेहरा पाहिला, मग मला दाबून पाहिलं.

"आई, मी लावली तेवढीच! नंतर एकदाबी न्हाई?"

"संपली असती गं."

"मग दुसरी घेऊन आले नसते का मी?"

उज्ज्वलाबाई तिच्याकडे बघत राहिली. "म्हंजी… ही संपली असती तर तू लवकर आली असतीस?"

 हर्षाली आईला बिलगली. निघताना तिने नवी ट्यूब आईच्या हातात दिली. "ही संपली की फोन कर. पोस्टानं न्हाई पाठवायची. मी सोता घेऊन येणार."

मित्रांनो, आम्हाला जपून ठेवू नका. तापल्या कपाटात ठेवू नका, आमची तारीख बघा आणि उन्हात जाताना दोन बोटं भरून लावा. माया करणाऱ्याने दिलेली वस्तू वापरून संपवा. मला ते भाग्य लाभलं नाही. उज्ज्वलाबाईला मला टाकवत नाही, म्हणून मी खिडकीत बसून तिचं तोंड पाहते. वांग अजून आहेत, पण वाढायचे थांबलेत.

आज सकाळी तिने नवी ट्यूब शेपटापासून घट्ट गुंडाळली, शेवटचं बोटभर मलम गालांना लावलं आणि फोन उचलला.

"हर्षे, संपली बघ. कवा येतीस?"