अर्जदार बाधित नाही

मी हायकोर्टाच्या आवक कचेरीतला शिक्का बोलतोय. सागवानी मूठ, रबराचा चेहरा आणि जन्मभर तोंडात एकच वाक्य: 'अर्जदार बाधित नाही, सबब परत.' एकाच वाक्यावर नोकरी काढणारी माणसंही मी पाहिली; त्यांना निदान पेन्शन मिळते.

माझे धनी गौरांगबाबू. गालात पान नीट बसलं, की ते मला शाईत टेकवत. ज्याचं नुकसान त्यानंच दाद मागावी, हा तेव्हाचा नियम. मला तो फार भारदस्त वाटे.

एका पौषात नटबर सेठी नावाचा धोबी स्वतःच पत्र घेऊन आला. सरकारी महिला आश्रमाचे कपडे तो धुवायचा.

"आज्ञा, आत बायका तीस आणि साड्या अकरा. त्या धुवायला आल्या, की सगळ्याच उघड्या. या थंडीत!" 'आज्ञा' म्हणजे आमच्याकडचं 'साहेब'.

"तू त्यांचा कोण?"

"धोबी, आज्ञा."

"म्हणजे कोणी नाही. तुझी साडी गेली का रे?"

कचेरी खो खो हसली. नटबर हसला नाही.

"ज्यांची गेली त्यांनी इथवर यायचं कसं, बाबू? काय नेसून?"

गौरांगबाबूंचा हात अडखळला. मी हवेतच राहिलो. मग त्यांनी मला दाबलं. ठसा इतका सुबक उमटला, की मी स्वतःवरच खूश झालो. आज सगळ्यात जास्त लाज वाटते ती त्या खुशीची.

पुढे न्यायमूर्तींनीच नियम सैल केला. ज्यांना येता येत नाही, त्यांच्यासाठी कुणीही लिहावं. पुढल्या पौषात तेच पत्र टपालानं आलं. नटबरनं त्यावर इस्त्री फिरवली होती. घड्या गेल्या होत्या. माझा ठसा तेवढा तसाच.

पत्र दाखल झालं. आश्रमाला नव्या साड्या, चादरी देण्याचा हुकूम सुटला. प्रत्येकीला दोन, एकूण चोपन्न साड्या. हुकूम ऐकायला नटबर आला होता. आकडा लिहिताना गौरांगबाबू थबकले.

"तीस होत्या ना रे नटबर?"

"तिघी मागच्या थंडीत गेल्या, आज्ञा."

पान गालातच राहिलं. त्या दिवशी त्यांनी मला खणात टाकलं, ते कायमचं.

आता माझं रबर तडकलंय. नव्या बाबूंनो, मला फेकू नका. टेबलावर चेहरा वर करून ठेवा. माझी अक्षरं उलटी आहेत, लावायला वेळ लागतो. तेवढ्या वेळात समोरच्याचं बोलणं ऐकून होईल.