डावा कौल

भागोजीला छातीत कळ आली ती त्र्याऐंशी साली, ऐन आंब्याच्या दिवसांत. लांज्याच्या डॉक्टरांनी मुंबईला धाडलं. तिथल्या मोठ्या डॉक्टरांनी त्याच्या बायकोला, मथुरेला, समोर बसवून सांगितलं, "तीन नसा तुंबल्यात. बायपास करावी लागेल. पण झटका ताजा आहे, आत्ता चाकू लावला तर हृदयाला झेपायचं नाही. सहा आठवडे थांबा. त्यापुढे मात्र ढकलू नका, दुसरा झटका आला तर माणूस हाती लागणार नाही."

ते थांबणंच अंगाशी यायला निघालं. गावी गोळ्या आणि आराम मिळाला, तसा भागोजीच्या तोंडावर तजेला आला. "छाती फोडायला मी काय फणस हाय?" असं तो येणाऱ्याजाणाऱ्याला विचारी. लोक हसत. शेवटी म्हणाला, "देवीला कौल लावू. ती सांगेल तसं."

हरिश्चंद्र गुरवाने देवीच्या पाषाणाला पाण्याने कळ्या चिकटवल्या. ऑपरेशन करायचं तर उजवी पडू दे, नको तर डावी.

डावी पडली.

"झालं! आईच नको म्हणते," भागोजी उठला.

मथुरा उठली नाही. देवीचा शब्द तिने आजवर मोडला नव्हता, आणि नवराही घालवायचा नव्हता.

"गुरवानो, परत गाऱ्हाणं घाला."

"एका गोष्टीला दोनदा कौल नसतो, वयनी."

"एक कुठं? तुमी वेळ धरून विचारलंच नाय. आज नको, हे डॉक्टरपण म्हणतात. सहा आठवडे भरल्यावर करू का, ते विचारा."

गुरवाने मान खाजवली आणि नव्या कळ्या लावल्या. ऊन कलंडलं, तरी एकही पडेना.

"चल गो, आई झोपली," भागोजी म्हणाला.

"झोपली नाय. बाकीचं तुमचं तुमी बघा, म्हणते."

"तू कधीपासून गुरव झालीस?"

घराकडे जाणाऱ्या पाखाडीच्या दगडी पायऱ्या चढताना भागोजी अर्ध्यावरच चिऱ्यावर बसला. कपाळ घामाने भिजलं होतं. मथुरेने पदराने वारा घातला.

दम खाऊन तो म्हणाला, "मुंबईला आत्मारामला तार कर. म्हणावं, तुझा भाऊ ऑपरेशनला येतोय."

ठरल्या वेळी ऑपरेशन झालं. भागोजी वाचला, मात्र जड कामं कायमची सुटली. मथुरेने देवीची ओटी भरली आणि डॉक्टरांना काजूगर पाठवले.