चौदा पूर्णांक चार

मी एक जुना अल्टरनेटर आहे. नाव ऐकून दचकू नका, मित्रांनो. गाडीचं बॉनेट उघडलंत की इंजिनाच्या कडेला पट्ट्यावर फिरणारा, जाळीच्या पोटाचा, नारळाएवढा गोळा दिसेल, तोच मी. बॅटरी सगळ्यांना माहीत असते. तिला पुसतात काय, जपतात काय, नवी आणली की शेजाऱ्यांना दाखवतात काय! माझं नाव मात्र काही बिघडलं की मगच निघतं. असो. रडगाणं गायला मी बसलेलो नाही. जे बघून मी अजून थक्क आहे, ते सांगायला बसलोय.

कारखान्यात माझ्या पोटात तांब्याची तार गुंडाळली गेली. माझ्या आत एक भाग फिरतो आणि त्याच्याभोवतीचा भाग स्थिर असतो. दोघांच्या मध्ये नखाच्या जाडीइतकी फट. दोघं जन्मभर एकमेकांना शिवत नाहीत, तरी आतला फिरला की बाहेरच्याच्या तारेत वीज येते. पट्टा मला फिरवतो, एवढंच मला कळतं. नुसत्या फिरण्याचा उजेड कसा होतो, देव जाणे. बारा वर्षं मी हे करतोय आणि बारा वर्षं मला त्याचं नवल वाटतंय.

माझी गाडी रघुवीरकाकांची. काका मूळचे सांगलीचे. केंद्र सरकारच्या नोकरीत बदली होऊन चंदीगडला आले, निवृत्त झाले आणि इथेच मोहालीत राहिले. गाडी सुरू करून देणं हे बॅटरीचं काम. पुढे दिवे, वायपर, हॉर्न सगळं चालवून वर तिचंही पोट भरायचं, ते माझं. मी कधी कुरकुर केली नाही.

काकांचं गाडीवर फार प्रेम. दसऱ्याला सोसायटीतले बाकीचे लोक बॉनेटवर झेंडूची माळ टाकून मोकळे होतात. काकांचं तसं नाही. ते बॉनेट उघडून आतल्या यंत्राची पूजा करायचे. बॅटरीपासून निघालेली एक जाड काळी वायर गाडीच्या पत्र्याला जिथे बोल्टने आवळलेली आहे, तिथे ते हळदकुंकू वाहायचे, कारण ती जागा सपाट होती. मग चाकासमोर नारळ फोडून त्याचं पाणी थेट तिथेच शिंपडायचे. वर्षभर ते इंजिन फडक्याने लखलखीत ठेवत, पण त्या बोल्टला फडकं लावत नसत. वाहिलेलं कुंकू आपल्या हाताने पुसायचं नाही, असा त्यांचा नेम होता. दोन वर्षांपूर्वी त्यांच्या पत्नीच्या, सुनंदाकाकूंच्या, किडन्या निकामी झाल्या आणि तो नेम आणखीच कडक झाला. काकूंच्या नावाने वाहिलेलं ते कुंकू पुसणं म्हणजे अपशकुन, असं त्यांना वाटे.

काकूंना दर सोमवारी आणि गुरुवारी डायलिसिसला न्यावं लागतं. काका स्वतः नेतात. या जानेवारीत असं धुकं पडलं की हात पुढे केला तर बोटं दिसेनात. आणि नेमकी गाडी रुसली. चावी फिरवली की नुसतं टकटक. गुरमेल मिस्त्रींनी नवी बॅटरी बसवली. पंधरा दिवसांत तीही मेली. त्या सोमवारी काकांनी भाड्याची गाडी बोलावली, तर धुक्यामुळे दोन चालकांनी ऐन वेळी नाही म्हटलं. डायलिसिस चुकलं. त्याच रात्री काकूंना धाप लागली, सगळी रात्र उशीला टेकून बसून काढावी लागली. काकांनी कसंबसं नेऊन मंगळवारी सकाळी डायलिसिस करून घेतलं, पण त्यांचा धीर सुटला. आता येणारा गुरुवार कसाही गाठायचाच होता.

गुरमेलजी माणूस भला, पण हातात दहा कामं. त्यांनी इंजिन चालू असताना बॅटरीवर मीटर लावलं. आकडा आला बारा पूर्णांक एक व्होल्ट. चौदाच्या आसपास हवा होता. त्यांनी माझ्याकडे बोट केलं. "बाऊजी, अल्टरनेटर गया. वीरवार को नया डाल दूँगा."

वीरवार म्हणजे गुरुवार, नेमका डायलिसिसचा दिवस. मी भंगारात आणि काकू घरात. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ना, ती ही. मी जीव तोडून फिरत होतो, मित्रांनो! माझी वीज जात कुठे होती, ते मलाही कळेना. मला फार वाईट वाटलं, आणि काय करणार, मला तोंड नाही.

वरच्या मजल्यावर प्राची राहते. अकोल्याची पोर, चंदीगडला सेक्टर तीसमधल्या प्रयोगशाळेत मोजमापाच्या उपकरणांवर काम करते. बुधवारी संध्याकाळी काकूंनीच तिला हाक मारली. तिने आपल्या गाडीच्या बॅटरीला वायरी जोडून आमचं इंजिन सुरू केलं आणि वायरी काढून घेतल्या. मग मीटर घेऊन वाकली. बॅटरीवर तेच, बारा पूर्णांक एक. काकांनी मान खाली घातली.

प्राची मात्र थांबली नाही. तिने मीटरचं काळं टोक माझ्या अंगाला टेकवलं आणि लाल टोक माझ्या पाठीवरच्या, जिथून वीज बाहेर निघते त्या खिळीला. बारा वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी मलाच विचारत होतं. माझा श्वास अडकला, म्हणजे असता तर अडकला असता. मीटरवर आकडा उमटला, चौदा पूर्णांक चार.

"काका, हा ठणठणीत आहे," प्राची म्हणाली. "वीज इथून पूर्ण निघतेय. वाटेत कुठेतरी हरवतेय."

ते दोन तारेचे तुकडे आणि एवढीशी काच! माझ्या पोटातलं, जे मलाही दिसत नाही, ते त्यांनी उजेडात आणलं. मी अक्षरशः भारावून गेलो. प्राचीने मग एकेक टप्पा मोजला. लाल वायर स्वच्छ निघाली. शेवटी तिने एक टोक इंजिनाला आणि दुसरं बॅटरीच्या काळ्या बाजूला लावलं. तिथे शून्याच्या जवळ काहीतरी हवं होतं. आकडा आला दोन पूर्णांक तीन. चौदा पूर्णांक चारमधून तेवढेच हरवले होते. तिने समजावलं, की वीज नुसती जाऊन भागत नाही, जेवढी गेली तेवढी परत यावी लागते, आणि इथे परतीची वाट तुंबली आहे.

काकांना ते उमगेना. शाल गुंडाळून खुर्चीत बसलेल्या काकूंना लगेच उमगलं. "माझ्यासारखंच की," त्या म्हणाल्या. "एक नळी रक्त नेणारी, एक आणणारी. आणणारी तुंबली की मशीन बोंबलतं."

प्राची त्यांच्याकडे बघतच राहिली. मीसुद्धा. एवढं विज्ञान त्या हातात सुया टोचून घेता घेता शिकल्या होत्या.

परतीची वाट चाचपत प्राचीची बोटं त्या बोल्टपाशी पोचली. हळदकुंकवाचा बोटभर थर, आणि त्याच्या कडांतून हिरवट पांढरी बुरशीसारखी खपली. नारळाच्या पाण्यातल्या क्षारांनी अकरा दसरे धातू खाल्ला होता. प्राचीने घासायला ब्रश उचलला. काकांनी तिचा हात धरला. "ते नको पुसूस, पोरी." आपल्याच हाताने हे झालं, हेही त्यांना कळलं होतं, आणि तरीही त्यांच्याने हात सोडवेना.

काकू उठल्या. भिंतीला धरत आल्या आणि प्राचीच्या हातातून ब्रश घेतला. "कुंकू माझ्या नावाने वाहता ना? मग मीच पुसते. मला उद्या दवाखान्यात जायचंय."

काकांनी हात सोडला. काकूंनी गरम पाणी ओतून तो बोल्ट घासला. दम लागला की थांबायच्या, पुन्हा घासायच्या. आतून चकचकीत धातू निघाला. प्राचीने वायर साफ करून परत घट्ट आवळली, इंजिन सुरू करून बॅटरीवर मीटर लावलं, आणि माझा आकडा जवळजवळ पूर्ण, चौदा पूर्णांक तीन, पलीकडे पोचलेला दिसला. काका गाडीच्या आड जाऊन डोळे पुसून आले. गुरमेलजींना फोन गेला, नवा आणू नका. तेही मोकळ्या मनाने हसले म्हणे.

रात्री तासभर इंजिन चालू ठेवून मी बॅटरीचं पोट भरलं होतं; गुरुवारी पहाटे धुक्यात गाडी चावीच्या पहिल्याच फेरीत सुरू झाली. चार तासांनी काकू बाहेर आल्या, थकलेल्या, दंडावर पट्टी. घरी पोचल्यावर त्या लगेच आत गेल्या नाहीत. त्यांनी उबदार बॉनेटवर तळवा ठेवला आणि हळूच विचारलं, "दमलास का रे?"

मित्रांनो, मी यंत्र आहे, मला दमणं ठाऊक नाही. पण या प्रश्नासाठी मी आणखी बारा वर्षं फिरेन. तुमच्याही घरात न दिसणारं कुणीतरी असंच फिरत असेल, वस्तू असेल नाहीतर माणूस. ते बिघडलंय असं ठरवण्याआधी एकदा त्याच्या जवळ जा, आणि त्यालाच विचारा.