हॉर्नच्या आडवी आलेली भिंत

मित्रांनो, मी पांढरकवड्यातली एक जुनी भिंत आहे आणि अजून ताठ उभी आहे. माझं तोंड नागपूर-हैदराबाद महामार्गाकडे. पाठीमागे पुंडलिकरावांचं घर.

मला बांधलं तेव्हा रस्ता दूर होता आणि मधे कडुनिंबांची रांग होती. म्हणून मला चार इंचीच ठेवलं. पुढे रस्ता रुंद झाला, कडुनिंब गेले आणि ट्रक अंगणाला खेटून धावू लागले. मला तडे गेले. त्या तड्यांतून, खिडकीच्या फटींतून हॉर्न थेट घरात शिरू लागला. येणारे-जाणारे मला कुचकामी म्हणत. मला संताप यायचा. मी काय जागा सोडून पळाले होते?

पुंडलिकराव एसटी स्टँडवर गाड्यांची घोषणा करत. त्यांचा आवाज सारा तालुका ओळखायचा. निवृत्त झाले आणि अर्धांगवायूने त्यांची वाचा नेली. पत्नी विजयमालाबाई रोज सकाळी त्यांना समोर बसवून एकेक शब्द म्हणून घेत. शब्द फुटू लागले, पण अगदी हलके. ते "पाणी" म्हणायचे आणि नेमका ट्रक ओरडायचा. पुन्हा म्हणायचे, पुन्हा ट्रक. एक दिवस त्यांनी हात झटकला आणि तोंड मिटून घेतलं. त्यानंतर ते बोलेचनात.

"आई, घर इकून टाकू," मुलगा चारुदत्त म्हणाला. "यवतमाळले राहाले जाऊ. या कलकलाटात बाबा कसे बोलतीन?"

"कायले जाऊ? अख्खं गाव त्यायले ओळखते इथं," विजयमालाबाई म्हणाल्या. "मी नाही येत."

सून दिपाली कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवते. ती म्हणाली, "आई, आपण भिंतीले बाहेरून जाड कोट घालू."

"आता भिंतीले स्वेटर घालतं का?" चारुदत्त हसला.

"हासा तुमी. आवाज आत येते कुठून, ते तरी पाहा."

मग धर्मपाल मिस्त्री आले. आधी माझे तडे बुजवले. माझ्यापासून थोडं अंतर सोडून लोखंडी चौकट उभी केली. तिच्यात रॉकवूलच्या गाद्या बसवल्या. दगड वितळवून काढलेले ते तंतू, कापसासारखेच दिसतात. त्यावर सिमेंटचे जाड बोर्ड ठोकले आणि वरून गिलावा. खिडकीला दुहेरी काच, फटींत रबर. मला वाटलं, आपल्याला गाडून टाकलं की काय! पण पुढचा ट्रक आला, कर्कश हॉर्न गाद्यांत शिरला आणि तिथेच दमला. आत पोचली ती नुसती घरघर. खरं सांगते, मला लढाई जिंकल्यासारखं वाटलं.

पुंडलिकराव मात्र गप्पच होते. चारुदत्तचा धीर सुटला आणि एका दुपारी त्याने गिऱ्हाईक घरी आणलं. त्या माणसाने आतून माझ्यावर थाप मारली. "हे पाडाच लागन," तो म्हणाला. "इथं ढाबा जोरात चालन."

माझ्या विटा थरथरल्या. विजयमालाबाई काही बोलणार, इतक्यात खुर्चीतून आवाज आला.

"घर..."

सगळे वळले. बाहेर एक टँकर लांबलचक हॉर्न देत होता. मी सारं बळ लावून त्याला धरून ठेवलं.

"घर... इकाचं... नाही."

गिऱ्हाईक गोंधळून चारुदत्तकडे पाहू लागलं. चारुदत्तने वडिलांचे दोन्ही हात हातात घेतले. "ऐकलं ना?" तो डोळे पुसत त्या माणसाला म्हणाला. "या आता तुमी."

मित्रांनो, भिंत तडकली म्हणून लगेच हातोडा उचलू नका. तिच्या फटी बुजवा, तिला चार थर चढवा. तिच्या आत कुणीतरी हळू आवाजात बोलू पाहत असेल. आणि तुम्ही, ट्रकवाल्यांनो, खुशाल वाजवा तुमचे हॉर्न. आत आमचं बोलणं चालू आहे.