बेस्सेआजींची अक्षरं

बोनेच्या बंदरावर सुकी मासळी विकणाऱ्या बेस्सेआजी सत्तरीत माझ्याकडे कुराण वाचायला शिकायला आल्या. दोन वर्षं झाली, पण आज शिकवलेलं अक्षर त्यांना उद्या आठवत नसे.

"आजी, आता राहू द्या. या वयात माफ असतं," मी एकदा म्हणाले.

"माफी तू देणार होय गं? शिकणं फर्ज आहे. म्हाताऱ्यांना सूट कुठं सांगितलीय?"

काल त्यांनी चक्क सात अक्षरं ओळखली. मी आनंदानं त्यांना मिठीच मारली. आज आल्या, पुस्तक उघडलं आणि माझ्याकडे पाहत राहिल्या.

"पोरी, शिकवणाऱ्या बाई कुठायत?"

त्यांचं बोट पहिल्या अक्षरावर ठेवून मी म्हणाले, "अलिफ."